पिंजऱ्यांभोवतीचे पाणी पुन्हा पुन्हा का बिघडते: कोल्हापूरच्या खणींत आणि तलावांत करायच्या तपासण्या

कोल्हापूर जिल्ह्यातील दगडांच्या जुन्या खणींत, पाझर तलावांत आणि धरणांच्या फुगवट्यात पिंजरे टाकून मासे वाढवणाऱ्यांकडून मला वर्षभर एकाच तक्रारीसाठी बोलावणे येते. पाणी बिघडले, मासा वर येतोय, औषध कोणते टाकू, हा तो प्रश्न असतो. इतक्या वर्षांत मी जेवढ्या ठिकाणी गेलो, त्यांतील बहुतेक ठिकाणी औषधाची गरजच नव्हती. बिघाड खाद्याच्या पोत्यापासून सुरू झालेला होता आणि पिंजऱ्याखालच्या गाळात साठत गेलेला होता. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी ज्या क्रमाने पाहणी करतो तोच क्रम येथे लिहीत आहे. जे फुकट आणि सोपे आहे ते आधी येते, जे महाग आणि अवघड आहे ते नंतर, आणि जिथे आपण थांबलेच पाहिजे ते शेवटी.

लक्षणे

पहिले लक्षण पहाटेचे असते. साडेपाचच्या सुमारास रोहू, कटला किंवा तिलापिया पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करतात, ऊन चढले की खाली जातात आणि दुपारी सारे ठीक दिसते. पंगस मात्र एरवीही हवा घेण्यासाठी वर येतो, त्यामुळे केवळ पंगस वर दिसला म्हणून घाबरू नये. तो जागचा हलेनासा झाला, तर मात्र लक्ष द्यावे. दुसरे लक्षण खाण्याचे आहे. एरवी दहा मिनिटांत संपणाऱ्या गोळ्या अर्ध्या तासानेही तरंगत राहतात. तिसरे लक्षण रंगाचे असून त्यात पाण्याची हिरवी छटा दाट होत जाते आणि एखाद्या ढगाळ आठवड्यानंतर पाणी एकाएकी तपकिरी पडून कडेला फेस जमतो. नांगराचा दोर वर ओढला असता त्याला काळा बुळबुळीत थर लागलेला असणे आणि त्याला कुजलेल्या अंड्याचा वास येणे, हे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके लक्षण आहे. शेवटचे लक्षण शेजाऱ्यांकडून कळते. तलावाच्या सांडव्याखाली ओढ्यात शेवाळ वाढते, जलपर्णी पसरू लागते आणि गावातून बोलणी सुरू होतात.

यांतील दोन लक्षणे एकत्र दिसली, तरी पुढील तपासण्या सुरू कराव्यात.

त्या सकाळी लगेच काय करावे

मासे वर आलेले असताना तपासण्यांना वेळ नसतो. खाद्य पूर्ण बंद करावे, पिंजऱ्याजवळ पंप लावून पाणी उचलावे आणि ते पुन्हा त्याच पाण्यावर फवारावे. यात एक चूक मी स्वतः केलेली आहे, आणि ती इतरांनी करू नये अशी माझी तळमळ आहे. करवीर तालुक्यातील एका खोल खणीत पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) मी घाईत तळापर्यंत सोडला. खणीला चारही बाजूंनी उभे कडे असतात, वारा पाण्याला नीट ढवळत नाही, आणि म्हणून वरचे कोमट पाणी व खालचे थंड पाणी महिनोन्महिने एकमेकांत मिसळत नाहीत. तळाच्या त्या थरात प्राणवायू उरलेला नसतो आणि गाळातून निघालेले वायू मात्र साठलेले असतात. माझ्या पंपाने तेच पाणी वर आणून माशांच्या डोक्यावर ओतले. वास आल्यावर मी पंप बंद केला, पण तोवर दोन पिंजऱ्यांतील मासा उलटा पडू लागला होता. तेव्हापासून मी फूटव्हॉल्व्हला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधतो, म्हणजे तो पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर तरंगत राहतो.

चुना, तुरटी, पोटॅशियम परमँगनेट यांपैकी काहीही त्या वेळी टाकू नये. चुन्याने काय होते ते पुढे अमोनियाच्या तपासणीत सांगितले आहे.

पहिली तपासणी: खाद्य

हिला एक रुपयाही लागत नाही. सकाळच्या खाद्याच्या वेळी घड्याळ घेऊन पिंजऱ्याच्या फळीवर बसावे. तरंगते खाद्य तीन-चार ओंजळींनी टाकावे आणि मासा किती वेळात संपवतो ते लिहून ठेवावे. पंधरा मिनिटांनंतर गोळ्या उरत असतील, तर आपण माशाला नव्हे, तलावाला खाऊ घालत आहोत. बुडणारे खाद्य वापरत असाल तर कडा असलेली एक थाळी दोरीने पिंजऱ्यात सोडावी आणि तासाने वर काढून पाहावी.

हे एवढे महत्त्वाचे का आहे, ते हिशेबाने कळते. २८ टक्के प्रथिनांच्या १,००० किलो खाद्यात सुमारे ४५ किलो नत्र (नायट्रोजन) असते, कारण प्रथिनांचा साधारण १६ टक्के भाग नत्राचा असतो. दीड किलो खाद्याला एक किलो मासा या चांगल्या दराने वाढ मिळाली, तरी त्यातून ६६० किलोच्या आसपास मासा तयार होतो आणि त्याच्या अंगात सतरा-अठरा किलो नत्र राहते. उरलेले सत्तावीस किलो पाण्यात जाते. त्यातील मोठा वाटा माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने विरघळून बाहेर पडतो आणि बाकीचा विष्ठेबरोबर व न खाल्लेल्या गोळ्यांबरोबर तळाशी बसतो. स्फुरदाचेही (फॉस्फरसचेही) तसेच होते, फक्त त्याचा अधिक भाग गाळात जातो. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदावाचून अडलेली असते, म्हणून थोड्या वाढीव स्फुरदानेही तलाव हिरवा होतो. शेतकरी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जे खत उसाच्या सरीत पडते तेच येथे पाण्यात पडत असते.

हा दर बिघडला आणि दीडऐवजी दोन किलो खाद्य एक किलो माशाला लागू लागले, तर तेवढ्याच माशासाठी पाण्यात पडणारे नत्र दीडपटीहून अधिक होते. पिंजऱ्याची राखण करणारे एक तात्या मला नेहमी म्हणत, “खाद्य कमी केलं तर मासा वाढायचा न्हाई की ओ.” त्यांना मी दोन पिंजरे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. एकात पोटभर, दुसऱ्यात भुकेच्या थोडे आत असे खाद्य दिले आणि दर पंधरा दिवसांनी वजन केले. वजनात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही, पण खाद्याची पोती मात्र कमी लागली. मोठ्या माशाला त्याच्या वजनाच्या दीड ते तीन टक्के खाद्य रोज पुरते, लहानाला त्याहून अधिक लागते, आणि ढगाळ हवेत किंवा थंडीत ते निम्म्यावर आणावे.

कोंबडीच्या दुकानातील टाकाऊ मांस खाद्य म्हणून वापरणाऱ्यांबद्दल मला स्पष्ट लिहावेसे वाटते. ही पद्धत बहुतेक थाई मांगूर पाळणारे वापरतात, आणि तो मासा पाळण्यास केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातलेली आहे. असे मांस टाकलेल्या पाण्याला कोणतीही तपासणी वाचवू शकत नाही. ते आधी बंद करावे, मग माझ्यासारख्याला बोलवावे.

खाद्य दोन दिवस पूर्ण थांबवून, नंतर निम्म्यावर आणून आठवडा पाहिला की बरीचशी प्रकरणे येथेच संपतात. निरोगी मोठ्या माशाला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही.

दुसरी तपासणी: जाळी

पिंजऱ्याची जाळी वर ओढून तिची भोके मोकळी आहेत का ते पाहावे. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा पिंजरा सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि चार मीटर खोल, म्हणजे ९६ घनमीटरांचा असतो. त्यातील पाणी बाहेरच्या प्रवाहाने बदलत राहील हे गृहीत धरूनच माशांची संख्या ठरवलेली असते. बोटुकलीसाठी (बोटाएवढ्या पिलांसाठी) लावलेली बारीक जाळी हिरव्या पाण्यात पंधरा दिवसांत शेवाळाने बुजते. अशा वेळी तलावाचे पाणी चांगले असूनही पिंजऱ्यातील मासा गुदमरतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. पिंजऱ्याबाहेरचे मोकळे मासे वर येत नसतील आणि फक्त आतलेच येत असतील, तर दोष जाळीत आहे. जाळी बदलावी आणि काढलेली जाळी काठावर नेऊन धुवावी, कारण जागेवरच झाडली तर ती सारी घाण पुन्हा पिंजऱ्याखालीच पडते.

तिसरी तपासणी: पांढरी-काळी तबकडी

वीस सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या तबकडीवर चार पाकळ्या आखून एकाआड एक पांढऱ्या आणि काळ्या रंगवाव्यात, मध्ये भोक पाडून खुणा केलेली दोरी ओवावी आणि खाली वजन बांधावे. इटलीतील आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी जी तबकडी वापरली, तिचेच हे सुधारलेले रूप आहे, आणि आजही याहून स्वस्त साधन मला सापडलेले नाही. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान सावलीच्या बाजूने तबकडी सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावी. मातीच्या तळ्यात ३० ते ४० सेंटिमीटर ठीक समजतात. पिंजऱ्यांच्या खोल पाण्यात याहून पुष्कळ अधिक पारदर्शकता हवी.

एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. दर आठवड्याला खोली कमी होत चालली आहे का, हे पाहायचे असते. शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री घेते, म्हणूनच पहाट ही सर्वांत कठीण वेळ असते. आषाढात सलग आठ-दहा दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा शेवाळ दिवसाही पुरेसा प्राणवायू तयार करू शकत नाही, आणि ते मरून कुजू लागले की उरलासुरलाही संपतो. पाणी एकाएकी तपकिरी होते ते याच वेळी. तबकडी २० सेंटिमीटरच्या आत आली असेल आणि पावसाळी हवा असेल, तर मी त्या रात्री मालकाला झोपू देत नाही.

चौथी तपासणी: तळ

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा हाच आहे. एक रिकामी काचेची बाटली घ्यावी, तिला दगड बांधावा, बुचाला वेगळी दोरी बांधावी आणि बाटली तळापासून हातभर वर राहील एवढी सोडावी. बुचाची दोरी हिसडली की बाटली तिथल्या पाण्याने भरते. वर काढून आधी वास घ्यावा. बाटली भरताना आत बुडबुडे उठतात, त्यामुळे हे पाणी प्राणवायू मोजण्यास योग्य नसते, पण वास, रंग आणि अमोनिया यांसाठी ते पुरते. मग एका डब्याला वजन लावून तळाचा गाळ थोडा खरवडून आणावा. तपकिरी गाळ जिवंत असतो. काळा, लोण्यासारखा मऊ आणि वास मारणारा गाळ म्हणजे तेथे प्राणवायूशिवाय कुजणे चालू आहे. त्यात न खाल्लेल्या गोळ्या ओळखू येण्याजोग्या सापडल्या, तर पहिल्या तपासणीत काहीतरी चुकले आहे असे समजून परत तिकडे जावे.

गाळ एकाच ठिकाणचा काढू नये. पिंजऱ्याखाली, वीस मीटरवर आणि शंभर मीटरवर असा तीन ठिकाणचा काढून पांढऱ्या थाळीत शेजारी-शेजारी ठेवावा. तिन्ही ठिकाणी सारखाच काळा असेल, तर तलावाचा रोग पिंजऱ्यांच्या आधीचा आहे. केवळ खालचाच काळा असेल, तर तो आपला आहे. गावासमोर बोलताना ही थाळी कामाला येते.

डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली बसते आणि तळाचे पाणी वर येते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसातही असेच घडू शकते. तळ काळा असलेल्या खणीत मासे मरण्याचे प्रसंग मी प्रामुख्याने या दोन वेळांना पाहिले आहेत. त्यामुळे दिवाळीपूर्वी आणि मृगापूर्वी तळ पाहून ठेवावा, आणि तो काळा निघाला तर मासा लवकर काढून विकावा.

पाचवी तपासणी: किट आणि मीटर

येथून खर्च सुरू होतो. सामू (पीएच, म्हणजे पाण्याचा आंबट-खारटपणा), अमोनिया, नायट्राइट (अमोनियापासून पाण्यात तयार होणारा घटक) आणि प्राणवायू यांची थेंबांची किट बाजारात मिळतात. प्राणवायूचे मीटर महाग पडते, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक घेणे बरे. मोजण्याची वेळ मात्र चुकवू नये. प्राणवायू पहाटे मोजावा आणि अमोनिया दुपारी.

पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. पहाटे ५ मिलिग्रॅम मिळाले तर चिंता नाही, ३ च्या खाली मासा त्रासात असतो.

अमोनियाच्या बाबतीत आकडा वाचताना फसगत होते. किट दाखवते तो एकूण अमोनिया असतो, आणि त्यातील किती भाग विषारी रूपात आहे हे सामूवर ठरते. पाणी २५ अंशांना असेल, तर सामू ७ असताना हा भाग शेकडा एकाहूनही कमी असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास आणि ९ ला सुमारे ३६ टक्के होतो. हिरव्या पाण्यात दुपारी शेवाळ कर्बवायू ओढून घेते आणि सामू ९ च्या पुढे जातो. अशा पाण्यात कोणी कळीचा चुना टाकला, तर सामू आणखी चढतो, आणि काल जो अमोनिया मासा सोसत होता तोच आज त्याला मारतो. “चुना टाकला आणि रात्रीत मासा गेला” असे मला ज्यांनी सांगितले, त्यांच्याकडे हेच झालेले होते.

कल्ले लालऐवजी तपकिरी दिसत असतील तर नायट्राइट मोजावा. तळ्यात मीठ टाकून नायट्राइटचा परिणाम रोखता येतो, कारण मिठातील क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. परंतु धरणात किंवा पिण्याच्या पाण्याच्या तलावात मीठ टाकण्याचा विचारही करू नये.

सहावी तपासणी: घाण नक्की आपलीच आहे का

तलावाला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी आणि पिंजऱ्यांपासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूस, तेच किट आणि तीच तबकडी लावून पाहावी. आपल्या जिल्ह्यात ऊस तलावाच्या काठापर्यंत आलेला आहे, आणि जूनच्या पावसात सरीतील युरिया व गाळ थेट पाण्यात उतरतो. गोठ्यांचे पाणी, गावाचे सांडपाणी यांचाही वाटा असतो. पंचगंगेत उन्हाळ्यात मासे मेल्याच्या बातम्या आपण वाचतो, तिथे कोणाचे पिंजरे नसतात. पण ही तपासणी दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी नाही. तलाव आधीच भरलेला असेल, तर आपल्या पिंजऱ्यांसाठी त्यात जागा कमी उरते, आणि पिंजऱ्यांची संख्या त्याप्रमाणे घटवावी लागते.

काठावरच्या तळ्यातून मासा काढताना पाणी ओढ्यात सोडणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. तळे रिकामे करताना शेवटच्या दहा-वीस टक्के पाण्याबरोबरच बराचसा गाळ बाहेर पडतो. ते पाणी ओढ्यात न सोडता उसाला किंवा गवताला द्यावे. पिकालाही त्याचा लाभच होतो.

सातवी तपासणी: जागा

वरील सारे करूनही तीन-चार महिन्यांनी लक्षणे परत येत असतील, तर जागा चुकलेली आहे. उन्हाळ्यात पाणी सर्वांत खाली गेल्यावर पिंजऱ्याच्या बुडाखाली किती खोली उरते ते मोजावे. निदान पिंजऱ्याच्या खोलीइतकी मोकळी जागा खाली असावी, असा माझा दंडक आहे. तेवढी नसेल तर पिंजरे हलवावेत आणि जुनी जागा एक हंगाम रिकामी ठेवावी, म्हणजे गाळ हळूहळू निवळतो. बंदिस्त खणीत हलवायला जागा नसते, तिथे मासा कमी करणे आणि मध्यरात्रीपासून सूर्य वर येईपर्यंत एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवणे, एवढेच हाती उरते. एअरेटरने प्राणवायू मिळतो, पण पाण्यातील नत्र-स्फुरद कमी होत नाही, हे विसरू नये.

खाडीत आणि समुद्रात पिंजरे टाकणाऱ्यांसाठी

गगनबावड्याचा घाट उतरून खाडीत जिताड्याचे पिंजरे टाकण्याचा विचार आपल्याकडील काही तरुण करतात, त्यांच्यासाठी थोडे वेगळे लिहावे लागते. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात साडेसात, तर समुद्राच्या पाण्यात सव्वासहा मिलिग्रॅमच्या आसपास. समुद्रात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदाऐवजी नत्रावाचून अडलेली असते, त्यामुळे कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया तिथे अधिक लक्ष देण्याजोगा ठरतो. भरती-ओहोटी ही तेथील मोठी सोय आहे. ती विरघळलेली घाण वाहून नेते, परंतु जड विष्ठा आणि गोळ्या पिंजऱ्याखाली पडतातच. नॉर्वेसारख्या देशांत, जिथे समुद्रातील मत्स्यशेती मोठ्या प्रमाणावर चालते, पिंजऱ्याखालच्या तळाची ठरावीक काळाने तपासणी होते आणि दोन पिकांच्या मध्ये जागा रिकामी ठेवावी लागते. तळ फार बिघडला की त्यावर बेगियाटोआ नावाच्या जिवाणूंची पांढरी साय धरते. जाळीला शिंपले धरू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग लावण्याची पद्धत तिकडे आहे, आणि ते तांबे तळात साठते, म्हणून अरुंद खाडीत जाळी बदलून काठावर सुकवणे मला अधिक योग्य वाटते. पाण्याचा नमुना ओहोटीच्या शेवटी घ्यावा, भरतीला घेतलेला नमुना खरे चित्र दाखवत नाही. किनाऱ्यावरील मत्स्यशेतीला २००५ चा तटीय जलकृषी प्राधिकरण कायदा लागू आहे, त्याची पूर्तता आधी करावी.

येथे थांबा

पहाटेचा प्राणवायू ५ च्या वर असूनही मासे मरत असतील आणि अंगावर जखमा, गळलेले खवले किंवा फुगलेले पोट दिसत असेल, तर ते पाण्याचे दुखणे नाही. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे आणि स्वतःच्या मनाने प्रतिजैविके देऊ नयेत. ती तलावातील साऱ्या पाण्यात उतरतात.

पाण्यावर हिरवा-निळा रंग ओतल्यासारखी साय आली, तर जनावरांना त्या काठावर पाणी पाजू नये. ही नील-हरित शेवाळे विष तयार करू शकतात, आणि मोरचूद टाकून ती मारली तर पेशी फुटून ते विष एकदम पाण्यात येते. हे काम तज्ज्ञाचे आहे.

पिंजऱ्यातील, बाहेरचे, लहान-मोठे सर्व जातींचे मासे आणि बेडूकही एकाच वेळी मेले, तर कीटकनाशक किंवा सांडपाणी आल्याचा संशय घ्यावा. लगेच दोन स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ पाणी भरून बर्फात ठेवावे, वेळ आणि जागा लिहावी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. तो मासा खाऊ नये, विकू नये. तलावातून गावाला पिण्याचे पाणी जात असेल, तर ग्रामपंचायतीला आणि जलसंपदा विभागाला त्याच तासाला सांगावे, मग आपले कितीही नुकसान होवो.

एअरेटरची वायर पाण्याजवळ उघडी दिसली, तर हात न लावता वीज बंद करून वायरमनला बोलवावे. तळाचा गाळ पाहण्यासाठी खणीत बुडी मारू नये, आणि आटलेल्या खणीच्या तळाशी काळा गाळ ढवळत एकट्याने उतरू नये. त्यातून निघणारा वायू सुरुवातीला वास देतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून कोणी पुढे जाऊ नये.